हरणीचे हरभरे

दोन हजार तेवीस साली, पितृपंधरवड्यातल्या पहिल्या रविवारी, बडोद्यातल्या सुभानपुऱ्याच्या मोठ्या रस्त्यावर चालत्या व्हॅनमध्ये इंदिराबाईंचा पाय खालच्या पत्र्यातून आरपार गेला. फार नाही, घोट्यापर्यंत. पायाखालची रबरी मॅट आधी नुसती खचली, मग भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी फाटली, आणि पायातली चप्पल गळून खाली गेली. भोकातून रस्ता दिसत होता. करडा, धावता, मधूनच एखादा पांढरा पट्टा. इंदिराबाई त्याकडे बघत राहिल्या. पाय वर ओढून घ्यायला हवा हे त्यांना कळत होतं, पण ते कळणं दुसऱ्याच कुणाचं असावं तसं लांबून येत होतं. घेतला त्यांनी पाय वर, सावकाश. साडीचा काठ पत्र्याला अडकला होता तो सोडवला. गाडी पुढच्या चौकाशी पोचल्यावर मग म्हणाल्या, "धैर्यशील, माझी चप्पल पडली."

"कुठे?"

"रस्त्यावर."

"दार उघडं राहिलंय का?"

"नाही. खालून पडली."

धैर्यशीलनं गाडी कडेला घेतली, सरकतं दार उघडलं, मॅट उचलली आणि तो तसाच वाकून राहिला. अठ्ठेचाळीस वर्षांचा मुलगा, मकरपुऱ्याच्या कारखान्यात शंभर माणसांवरचा साहेब, पण त्या क्षणी त्याचा चेहरा पाटी फुटलेल्या पोरासारखा झाला होता. "आई, पाय गेला असता तुझा," तो म्हणाला. "नाही गेला," इंदिराबाई म्हणाल्या. तो चप्पल आणायला मागे चालत गेला. तोवर तिच्यावरून काहीतरी अवजड गेलं होतं. आणली ती चपटी होऊन, अंगठा तुटलेली. त्यानं ती त्यांच्या पायाशी नीट ठेवली, जोडीनं, आणि म्हणाला, "काळजी करू नकोस. फतेगंजला कनुभाईंकडे टाकतो. सगळी नवी करून घेऊ. तुझी गाडी मी अशी जाऊ देणार नाही."

तुझी गाडी. इंदिराबाईंनी मान हलवली. वीस महिने त्या अशीच मान हलवत आल्या होत्या. दाढ काढताना डॉक्टर इंजेक्शन देतात, मग गालाला हात लावला तरी तो गाल आपला वाटत नाही, शेजारणीच्या गालाला हात लावल्यासारखं वाटतं. तुकोजीराव गेल्यापासून त्यांना सगळ्या अंगाचं तसं झालं होतं. दिवसकार्याला त्या रडल्या नाहीत याचं घरात कौतुक झालं होतं. केवढ्या धीराच्या, असं आलेल्या बायका म्हणाल्या. धीर कसला. रडू शोधायला त्या आत गेल्या होत्या आणि आतल्या सगळ्या खोल्यांना कुणीतरी कुलपं घातली होती, एवढंच. आणि त्यानंतरच्या पहिल्या रविवारी धैर्यशील किल्ली बोटात फिरवत दाराशी येऊन म्हणाला होता, "आई, व्हॅनमधून चक्कर मारून यायची का? बाबा न्यायचे तशी?" नाही म्हणायला जेवढा जोर लागतो तेवढाही त्या दिवशी अंगात नव्हता. हो म्हणायला काहीच लागत नाही. त्या म्हणाल्या, "जाऊ." बस, त्या एका 'जाऊ'वर ऐंशी रविवार गेले. घरात दुसरी लहान गाडी होती, कामाला तीच वापरायची. व्हॅन आईसाठी ठेवलेली. सुरसागराला एक फेरी, कमाटीबागेच्या कडेनं एक, मग भाजी, मग घर. मधल्या सीटवर, डावीकडे, दाराला लागून त्यांची जागा. त्या जागी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून तुकोजीराव गेले होते. हे धैर्यशीलला माहीत नव्हतं असं नाही, तोच चालवत होता. पण त्याला वाटे, आईला म्हणूनच तिथं बसायचं असतं.

व्हॅन आली दोन हजार आठ साली. तुकोजीराव रिफायनरीतून निवृत्त झाले त्याच वर्षी. पुढून चपटी, बाजूला सरकतं दार, शाळेची पोरं कोंबून नेतात तसली पांढरी. लोक मोटारी घेत होते, यांनी ही आणली, कारण हिच्यात माणसं मावतात. गाडी त्यांनी इंदिराबाईंच्या नावावर घेतली. "घरावर माझ्या बापाचं नाव, विजेच्या बिलावर माझं," ते म्हणाले होते, "तुझ्या नावाचं काहीतरी असू दे की बडोद्यात." इंदिराबाई देवासच्या, बहात्तर साली लग्न होऊन आलेल्या. छत्तीस वर्षांनी त्यांच्या नावाचं एक वाहन झालं, आणि त्यांना चालवता येत नव्हतं. त्याचं दार मात्र त्यांच्याइतकं कुणाला उघडता येत नसे. पहिल्याच पावसाळ्यात ते दार खालच्या खाचेतून जरा उतरलं आणि कायमचं हट्टी झालं. नुसतं ओढलं तर गच्च बसायचं. आधी जरा उचलायचं, मग ओढायचं. तुकोजीराव प्रत्येक पाहुण्याला पुढच्या सीटवरून शिकवायचे, मान न वळवता: "आधी उचल, मग ओढ." नंतर नंतर कुणी काही विचारलं तरी त्यांचं हेच उत्तर असे. मिताली लहान असताना दप्तर उचलता येईना म्हणून रडायची, तरी तेच. भाकरी तव्याला चिकटली तरी ते स्वयंपाकघराच्या दारातून तेच म्हणत, आणि इंदिराबाई उलथनं दाखवत.

दसऱ्याला त्या व्हॅनच्या डाव्या चाकापुढे पितळी वाटी ठेवली जायची. वाटीत रात्रभर भिजवलेले हरभरे आणि गुळाचा खडा. हे घराणं जुन्या स्वारांचं. तुकोजीरावांच्या वडिलांनी, धनाजीरावांनी, संस्थानच्या पागेत नोकरी केलेली, त्यांच्या वडिलांनीही. घोडी घरची होती, हरणी नावाची, आणि दसऱ्याला हरभऱ्याचा पहिला घास तिचा. संस्थान विलीन झालं, पागा मोडल्या, तेव्हा बाकीच्यांनी घोडी विकली. धनाजीरावांनी विकली नाही. गळ्यात हार घालून पांजरपोळात नेऊन सोडली, आणि ती मरेपर्यंत दर अवसेला गूळ घेऊन जात राहिले. ही गोष्ट या घरात सत्यनारायणाच्या कथेसारखी दर दसऱ्याला सांगितली जाई. तिचा शेवटही ठरलेला: आपल्या घरात वाहन विकत नाहीत. पुढे धनाजीरावांची सायकल अशीच भाच्याला दिली. तुकोजीरावांची स्कूटर देवळाच्या पुजाऱ्याला दिली. पूजा झाली की वाटीतले हरभरे घेऊन तुकोजीराव वरातीची घोडी जिथं बांधतात तिथं जायचे आणि एखाद्या कंटाळलेल्या घोड्याला तळहातावरून चारून यायचे. घोडेवाले त्यांना ओळखायचे. "आव्या, हरभरावाळा काका आव्या," म्हणायचे. ते गेल्यावर पहिल्या दसऱ्याला धैर्यशील गेला होता. आल्यावर हात न धुता बराच वेळ बसून राहिला होता.

कनुभाईंचा निरोप आला तो गुरुवारी. संध्याकाळी इंदिराबाई आतल्या खोलीत पडल्या होत्या आणि बाहेर धैर्यशील नि रूपाली बोलत होते. रूपाली एका शाळेच्या कार्यालयात कामाला, बोलणं तिचं नेहमी फाइलीला टाचणी लावल्यासारखं नेमकं. "सगळं तळ बदलायचं, दारं बदलायची, एवढं करून ती किती चालणार? भाग मिळत नाहीत म्हणतो ना तो?"

"दुसऱ्या मोडक्या व्हॅनचं तळ कापून बसवतो म्हणालाय."

"म्हणजे कुणाचं तरी मढं आणून जोडायचं."

"रूपाली."

"बरं. मी काही बोलत नाही. आईंसाठी करताय, मला दिसतंय. रविवारची त्यांची तेवढीच एक हौस आहे. ती मोडा असं मी म्हणणार नाही. अंगणात माझी नि मितालीची स्कूटर एकावर एक ठेवतो आम्ही दीड वर्षं, बोलले का कधी?"

"आत्ता बोललीस."

"आत्ता बोलले," रूपाली म्हणाली आणि हसली. मग धैर्यशीलही जरासा हसला. इंदिराबाई छताकडे बघत होत्या. हौस. त्यांनी तो शब्द मनात उलटा सुलटा करून पाहिला. म्हणजे ही सून दीड वर्षं त्यांच्या हौसेला जपत होती, मुलगा दर रविवारी झोपमोड करून ती पुरवत होता, आणि या दोघांच्या मायेला जपत त्या स्वतः दर रविवारी त्या जागेवर जाऊन बसत होत्या, उजवा खांदा शक्यतो कशाला टेकू न देता. उठून बाहेर जावं आणि सांगावं असं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. फक्त एवढं कळलं की आता सगळं नवं होणार, आणि नवं झालं की आणखी पाच वर्षं. पाच वर्षांचे रविवार त्यांना एकामागून एक उभे दिसले, रिकाम्या सीटांसारखे. आपण बहात्तर वर्षांच्या. पाच वर्षांत आपणही त्याच दारातून बाहेर निघायच्या, किंवा निघायच्या नाहीत.

शनिवारी धैर्यशील म्हणाला, "आई, तुला यावं लागेल. गाडीला पंधरा वर्षं होतायत, पासिंग पुन्हा करायचंय. मालकाची सही पाहिजे." मालक. त्या केस विंचरून, दुसऱ्या चपला घालून निघाल्या. फतेगंजचं गॅरेज म्हणजे चिंचेच्या झाडाखालचं पत्र्याचं छप्पर. मागे लष्कराच्या हद्दीची भिंत. कनुभाई सत्तरीचे, तुकोजीरावांचे जुने स्नेही, मराठी गिऱ्हाइकांत जन्म गेल्यामुळे त्यांची भाषा अर्धी इकडची अर्धी तिकडची झालेली. त्यांनी प्लास्टिकची खुर्ची पुसून दिली. "बेसो, बा. तुकोजीभाई इथेच बसायचे."

व्हॅन उंच उचलून ठेवली होती. खालून इंदिराबाईंनी ती कधी पाहिली नव्हती. काळं, चिकट, तांबूस पोपडे धरलेलं पोट. कनुभाईंनी पाना घेऊन एका जागी टकटक केलं, मग दुसऱ्या जागी, आणि तिसऱ्या जागी पाना सरळ आत गेला. "जुओ. पापड," ते म्हणाले. "बा, साची वात सांगू? इंजिन अजून दहा वर्षं धावेल. हृदय मजबूत छे. पण तळियुं गयुं." धैर्यशील म्हणाला, "ते बदला. सांगितलंय ना तुम्हाला." "बदलीश ने, तू म्हणशील तर आखी गाडी बदलीश. पण भाई, तुझ्या जागी मी असतो तर एक माणूस आहे तरसालीचा, पाण्याचे जार पोचवतो. तो घ्यायला तयार छे. इंजिन बघूनच घेईल, तळाला पाट्या मारेल." धैर्यशीलनं मान हलवली. "विकायची नाही, कनुभाई. आमच्यात विकत नाहीत. आजोबांनी घोडी विकली नाही, मी गाडी विकू?" "खबर छे, खबर छे," कनुभाई म्हणाले, "हरणी. तुकोजीभाईंनी शंभर वेळा सांगितलंय." आणि त्यांनी पासिंगचे कागद इंदिराबाईंच्या मांडीवर ठेवून, जिथं सही करायची तिथं पेन्सिलीनं फुली केली.

पेन हातात होतं. कागदावर चिंचेची दोन बारीक पानं पडली होती. इंदिराबाईंनी ती झटकली नाहीत. वर टांगलेल्या व्हॅनचं दार बंद होतं, आणि त्या बंद दाराकडे बघता बघता फेब्रुवारीतली ती सकाळ आली. ती यायची ती नेहमी अशी, आवाज नसलेली. इस्पितळाचं फाटक, पायऱ्या, कुंडीतली लाल पानांची झाडं. धैर्यशील पुढून उतरून पळत सुटलेला. खांद्यावर तुकोजीरावांचं डोकं, जड, घामानं गार. दार उघडायचं होतं. हजार वेळा उघडलेलं दार. इंदिराबाईंच्या हातानं कडी धरली आणि तिथं त्या हाताला काही आठवेना. त्यांनी ओढलं. गच्च. पुन्हा ओढलं. बाहेरून इस्पितळाच्या माणसांनी ओढलं. दाराच्या काचेपलीकडे त्यांची तोंडं काहीतरी म्हणत होती. तुकोजीरावांचे ओठ हलले होते. काय ते ऐकू आलं नाही, पण इंदिराबाईंना माहीत होतं. शेवटी मागचं दार वर करून, सीट पाडून, सामान उतरवतात तसं त्यांना मागून काढलं. डॉक्टर म्हणाले, वाटेतच गेले होते, दोन मिनिटांनी काही फरक पडला नसता. डॉक्टर भला माणूस होता. पण ओठ हलले होते की. वाटेत गेलेल्या माणसाचे ओठ हलत नाहीत. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, सांगण्यासारखं त्यात काही उरलंही नव्हतं. उरला होता तो हात. तो आता पेन धरून बसला होता.

आणि त्या सकाळच्या मागून, जुन्या साडीच्या घडीतून पडावा तसा, मामंजींचा आवाज आला. धनाजीराव त्र्याऐंशी साली गेले. शेवटचे दोन महिने अंथरुणावर. त्यांना भरवायचं काम इंदिराबाईंकडे. एका दुपारी पेज घेता घेता ते म्हणाले, "सूनबाई, हरणीला मी विकली." इंदिराबाईंना वाटलं, तापात बोलतायत. पण डोळे स्वच्छ होते. घरात खायची तोंडं सात, पगार बंद, घोडीला चंदी कुठून घालायची. स्टेशनवरच्या एका टांगेवाल्याला त्यांनी ती विकली, आणि घरी येऊन सांगितलं, पांजरपोळात सोडली. अवसेचा गूळ? "तो मी नदीच्या पुलावर उभं राहून स्वतःच खायचो," ते म्हणाले. तीन वर्षांनी त्यांचे मेहुणे पाहुणे आले. स्टेशनवर उतरले, आणि मेहुण्यांनी हाक मारली तोच टांगा पुढे आला. हरणी. पाठीवर पट्ट्याचे घट्टे, मान खाली. त्यांना घ्यायला गेलेले धनाजीराव टांग्यात बसले. काळ्या घोड्याच्या पुतळ्यावरून, पुलावरून टांगा निघाला. जायचं होतं रावपुऱ्यात. कोठीपाशी आल्यावर टांगेवाल्यानं लगाम एकीकडे ओढला, आणि हरणी दुसरीकडे वळली. चाबूक बसला तरी वळली, बाबाजीपुऱ्याच्या गल्लीत, थेट त्यांच्या जुन्या तबेल्याच्या दारासमोर जाऊन उभी राहिली, आणि खाली मान घालून हरभऱ्याची वाट बघू लागली. मेहुणे म्हणाले, काय हुशार जनावर आहे, आपला जुना तबेला कसा कळला हो हिला? "मी खाली उतरलो नाही, सूनबाई," धनाजीराव म्हणाले होते. "तोंड दाखवलं नाही तिला. टांगेवाल्याला म्हटलं, हाक." मग त्यांनी पेजेचा वाडगा बाजूला सारला. "तुकोजीला सांगू नकोस. त्याला ती गोष्ट आवडते."

नाही सांगितलं. एकोणचाळीस वर्षं दर दसऱ्याला नवरा ती गोष्ट सांगत होता आणि इंदिराबाई हरभरे निवडत होत्या. पुढे पुढे त्यांना स्वतःलाच वाटू लागलं होतं की पांजरपोळाचंच खरं असेल.

"आई, सही," धैर्यशील म्हणाला. "इथे, फुली केलीय तिथे."

"हरणी पांजरपोळात गेली नव्हती," इंदिराबाई म्हणाल्या.

"काय?"

"मामंजींनी विकली होती. स्टेशनवरच्या टांगेवाल्याला. मला त्यांनी सांगितलं जाण्याआधी." आवाज त्यांचा भाजीचा भाव सांगावा तसा निघत होता. त्यांनी सगळं सांगितलं, टांगा, कोठी, तबेला, सगळं. लांबवलं नाही, गाळलंही नाही. कनुभाई हातातला पाना फडक्यानं पुसत राहिले, स्वच्छ झाला तरी पुसत राहिले. धैर्यशीलनं मधे एकदाच विचारलं, "बाबांना माहीत होतं?"

"नाही."

"मग तू मला कशाला सांगितलंस?"

याचं उत्तर त्यांच्याकडे होतं. वर व्हॅन होती, तिच्याकडे बघून त्या म्हणाल्या, "मला ह्या गाडीत बसवत नाही, धैर्यशील."

तो आधी व्हॅनकडे वळला. मग हळूच म्हणाला, "रविवारी तर तू..."

"तू न्यायचास म्हणून."

"वीस महिने?"

"हो."

"मी दर रविवारी पाचला उठून गाडी धुवायचो, आई. तुला बरं वाटतं म्हणून."

"मला माहितेय."

त्यानं जवळ येऊन काही म्हणावं, किंवा आपण त्याच्या डोक्यावरून हात फिरवावा, असा तो क्षण होता. तो इंदिराबाईंना नीट दिसला, समोरून गेलेल्या बससारखा, आपलीच आहे हे कळूनही थांबवता न येणाऱ्या. धैर्यशीलनं त्यांच्या मांडीवरचे कागद उचलले, चिंचेची पानं झटकली, कागदांची घडी केली. आजोबा, बाप आणि रविवार, तिन्ही एकाच खुर्चीत बसून आईनं त्याच्याकडून काढून घेतले होते, आणि तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. तो कनुभाईंकडे वळून म्हणाला, "वेची नाखो."

"विचार कर, भाई. पितृपक्ष चालू छे. आठ दिवस थांब."

"तरसालीवाल्याला बोलवा. विकून टाका. आईची सही विक्रीच्या कागदावर घेऊ." मग त्यानं रिक्षा थांबवली, आईला हात धरून बसवलं, आणि स्वतः पुढे, चालकाच्या शेजारी, एका अंगावर बसून घरापर्यंत आला.

दसऱ्याच्या आदल्या रात्री कुणी हरभरे भिजवले नाहीत. रूपालीला धैर्यशीलनं काय ते सांगितलं होतं. ती दोन दिवस इंदिराबाईंशी अगदी हळू आवाजात बोलत होती, ताप असलेल्या माणसाशी बोलावं तशी. सकाळी मिताली उठली. विद्यापीठात शिकणारी, एकोणीस वर्षांची, घरात मराठी नि दाराबाहेर पाय पडला की गुजराती. तिनं डबे उघडले, झाकले, पुन्हा उघडले. "मम्मी, हरभरे क्यां?"

"या वर्षी नाही करायचं," रूपाली म्हणाली. "बाबांना विचार."

"बाबा, केम नाही?"

धैर्यशीलनं पेपरातून मान वर केली नाही. "गोष्ट खोटी होती म्हणून."

मिताली कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "घोडी तर खरी होती ने? तिला भूक तर लागायची ने? मग बस." तिनं कोरडेच हरभरे गरम पाण्यात टाकले, वर झाकण ठेवलं, आणि तासाभरानं निम्मे कच्चे असताना पितळी वाटीत काढून स्वतःच्या स्कूटरपुढे ठेवले. हळदकुंकू वाहिलं. वाटी घेऊन निघाली तेव्हा दारात थांबली. "कोई आवे छे? मला घोड्यांची बीक वाटते, एकटी नाही जायची." पेपराची घडी झाली. मग धैर्यशील उठला, चपला घातल्या आणि तिच्या मागे स्कूटरवर बसला. इंदिराबाईंनी खिडकीतून बघितलं. वाटी त्यानं दोन्ही हातांनी धरली होती.

व्हॅन दिवाळीआधी तरसालीला गेली. कनुभाईंनी पुढच्या उन्हाळ्यात गॅरेज बंद केलं आणि ते आणंदला लेकीकडे राहायला गेले. जाताना इंदिराबाईंच्या नावाची पाटी, व्हॅनच्या मागच्या काचेवर तुकोजीरावांनी हौसेनं लावलेली, विक्रीआधी उचकटून ठेवलेली, घरी आणून देऊन गेले. ती कपाटावर आहे, भिंतीकडे तोंड करून. रूपालीची स्कूटर अंगणात आता सुटी उभी राहते. मिताली शिक्षण संपवून पुण्याला नोकरीला गेली. दसऱ्याला तिचा फोन आला, तिथं वरातीचे घोडे सापडत नाहीत, म्हणून हरभरे कुणाच्या तरी गाईला घातले म्हणाली. धैर्यशील रविवारी उशिरापर्यंत झोपतो. आईशी बोलतो, औषधं आणतो, पाय चेपून देऊ का विचारतो. पण पूर्वी बोलता बोलता मधेच हसायचा, तसा हसत नाही. रूपालीनं एकदा सांगितलं, तो पांजरपोळात जाऊन आला होता. पन्नास सालची जुनी वही बघायला मिळेल का म्हणून विचारत होता. तिथल्या माणसानं कपाट उघडून दाखवलं, वाळवीनं काही ठेवलं नव्हतं. "मग?" इंदिराबाईंनी विचारलं. "मग काही नाही. शंभर रुपयांचा चारा घालून आले," रूपाली म्हणाली.

इंदिराबाई आता चौऱ्याहत्तरच्या आहेत. यंदा उन्हाळ्यात त्या रूपालीबरोबर तरसालीला एका बारशाला गेल्या होत्या. येताना रिक्षा एका दुकानासमोर अडली. पुढे कसलीतरी मिरवणूक होती. दुकानाशी एक निळी व्हॅन उभी होती, मागे पाण्याचे जार रचलेले. रूपाली म्हणाली, "आई, ती आपली. रंग दिलाय, पण नंबर बघा." इंदिराबाईंनी नंबर बघितला. हो, तोच. त्यांनी आत काही होतंय का याची वाट पाहिली, सवयीनं, रोज दूध येण्याची पाहतात तशी. काही आलं नाही. व्हॅनवाला माणूस मालाची चिठ्ठी दातांत धरून दाराशी आला. त्यानं कडी धरली आणि ओढलं. दार हललं नाही. त्यानं पाय लावून पुन्हा ओढलं.

रिक्षात इंदिराबाईंचा उजवा हात मांडीवरून उठला. बोटं वळली, हवेत काहीतरी धरल्यासारखी. आधी तो हात जरा वर गेला, मग मागे.

"काय झालं, आई?" रूपालीनं विचारलं. "पदर अडकला का?"

"नाही," त्या म्हणाल्या. हात परत मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिल्या. मिरवणूक पुढे सरकली, रिक्षा सुरू झाली. मागे तो माणूस अजून ओढत होता.